निजलेली हिरवळ

नाशिकचा हिवाळा साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच उत्तरेकडचा कोरडा वारा सुटतो. सकाळच्या वेळी गोदावरीच्या पाण्यावर वाफेचा पातळ पडदा तरंगू लागतो आणि चहाच्या टपरीभोवती कानटोप्या घातलेल्या माणसांची दाटी होते. डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत निफाडच्या पाऱ्याला मानाचे स्थान मिळते. काल आठ अंश, आज सहा अंश, असे आकडे घरोघर मोठ्याने वाचले जातात आणि वाचणारा माणूस नकळत शाल घट्ट ओढून घेतो.

या थंडीच्या गोष्टी निघाल्या म्हणजे लोक द्राक्षांविषयी बोलतात, गव्हाविषयी बोलतात, म्हाताऱ्या माणसांच्या दुखऱ्या सांध्यांविषयी बोलतात. पायाखालच्या गवताविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. मला आज त्या गवताविषयीच सांगायचे आहे. कारण एका हिवाळ्यात आमच्या वसाहतीतील मुलांचे मैदान राहणार की जाणार, हा प्रश्न त्या गवतावर येऊन ठेपला होता.

हे गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, त्या हिच्याच. शास्त्रज्ञ तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. इंग्रजीत तिला बर्म्युडा बेटांचे नाव मिळाले आहे. पण ती मूळची तेथली नव्हे. देव्हाऱ्यात हरळीला मोठा मान असला, तरी शेतकरी तिच्या नावाने कपाळाला हात लावतो. शेतात ती एकदा शिरली की निघता निघत नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करून, ढेकळे उन्हात तापवून, एकेक काडी वेचून काढावी लागते. आणि एवढे करूनही चार बोटांचा एखादा तुकडा मातीत राहिला, तर पाऊस पडताच तो पुन्हा आपला संसार मांडतो. तिच्या खोडाच्या प्रत्येक पेराला मुळे फुटू शकतात. शेतात जो तिचा अवगुण, तोच मैदानावर गुण ठरतो. मुलांनी कितीही तुडवले, कबड्डीत कितीही घसरले, तरी दोन-चार दिवसांत ती जखम भरून काढते. म्हणूनच आपल्याकडील कितीतरी बागांत आणि खेळांच्या मैदानांवर हरळीचीच हिरवळ असते.

मात्र ही हरळी उन्हाची लेक आहे. २७ ते ३५ अंश ही तिच्या आवडीची ऊब. पारा १५ अंशांच्या खाली रेंगाळू लागला की तिची वाढ मंदावते. जमीनच १० अंशांपर्यंत गार झाली की पानांतील हरितद्रव्य टिकेनासे होते आणि हिरवळ हळूहळू पेंढ्याच्या रंगाची दिसू लागते. कोकणात समुद्राच्या सान्निध्यामुळे ही वेळ सहसा येत नाही. नाशिक मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. समुद्राची उबदार, दमट हवा येथवर फारशी पोहोचत नाही. त्यामुळे येथील हरळीला थंडीशी गाठ घ्यावीच लागते.

२०१८ सालच्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा अजून अनेकांच्या स्मरणात आहे. निफाड तालुक्यात पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता आणि ठिकठिकाणी दवबिंदू गोठले होते. आमची वसाहत नाशिकच्या पूर्वेला, नदीकाठच्या सखल भागात आहे. तेथेही एके दिवशी सूर्योदयापूर्वी मैदान पांढरे दिसले. कोणी रांगोळी चाळून टाकावी तशी गवताच्या पात्यापात्यावर बर्फाची भुकटी बसली होती.

आमच्याकडील मुलांनी त्या दिवशी एक चांगला प्रश्न विचारला. "गावातला पारा पाच अंशांवर आहे, मग पाणी गोठले कसे? पाणी तर शून्यावर गोठते ना?" याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही दोन तापमापक घेतले. एक माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, छपराच्या आडोशाला टांगला. दुसरा तसाच उघड्या मैदानावर गवतावर आडवा ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिले, तो वरचा पारा पाच अंशांवर आणि गवतावरचा शून्याच्याही किंचित खाली! वेधशाळेतील तापमापकही जमिनीपासून वर, पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. बातमीत जो आकडा येतो तो हवेचा. गवत जी थंडी सोसते ती त्याहून कितीतरी कडक असते.

असे का होते, हे समजणे कठीण नाही. दिवसा जमीन सूर्याची उष्णता घेते आणि रात्री ती आकाशात परत टाकते. आभाळात ढग असतील तर ते पांघरुणासारखे काम करतात. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला. मग जमिनीची ऊब मोकाट निघून जाते. गवताची पातळ पाती तर हवेहूनही लवकर गार होतात. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचून राहते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यात हिमकण दिसतात, तेव्हा वर गावात तितकी थंडी नसते, ती याच कारणाने. निफाडही गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या खोऱ्यात आहे. नांदूर मध्यमेश्वरला या दोन नद्यांचा संगम होतो. त्या सपाट, मोकळ्या खोऱ्यात रात्रीची थंडी मुक्कामाला येते.

जानेवारी लागला तेव्हा आमचे मैदान पार पिवळे पडले होते. पायाखाली पाने करकरत होती. वाऱ्याबरोबर वाळलेल्या काड्या उडत होत्या. वसाहतीच्या सभेत सूचना आली, की गवत मेलेलेच आहे, तर ते खणून काढावे आणि तेथे सिमेंटच्या फरश्या बसवाव्यात. पाण्याचा खर्च वाचेल, पावसाळ्यात चिखल होणार नाही आणि चार मोटारी उभ्या करता येतील. सूचना अगदीच गैर होती असे म्हणवत नाही. पाणी खरोखरच मोलाचे आहे आणि मोटारीही वाढल्या आहेत. परंतु आमच्या भागात मुलांना अनवाणी धावता येईल अशी दुसरी जागा नव्हती. फरश्यांवर खो-खो खेळता येत नाही आणि पडले तर गुडघे शाबूत राहत नाहीत. मुले सभेच्या दाराशी उभी राहून सारे ऐकत होती. त्यांना मत नव्हते.

मैदानाची निगा राखणारे माळीकाकाही दाराशीच उभे होते. त्यांचे तारुण्य निफाडकडील द्राक्षबागांत काम करण्यात गेले होते. बोलणे थोडे, पण नेमके. ते पुढे होऊन म्हणाले, "मंडळी, ही मेलेली नाही, निजलेली आहे. होळीपर्यंत थांबा."

"कशावरून?" अध्यक्षांनी विचारले.

काकांनी उत्तर दिले नाही. ते सर्वांना मैदानावर घेऊन गेले आणि खुरप्याने वीतभर लांबरुंद ढेकूळ उकरून काढले. वर सगळा पाचोळा. पण माती झटकताच आत पांढरीशुभ्र, दोऱ्याएवढी जाड खोडे दिसली. त्यांतील एक त्यांनी नखाने मोडले. टच्‌कन आवाज झाला आणि मोडल्या जागी ओल चमकली. "मेलेले खोड असे वाजत नाही," ते म्हणाले. "ते तपकिरी होते, पोकळ होते आणि दाबले की भुसा होतो."

ते ढेकूळ त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि मुलांच्या स्वाधीन केले. दिवसा दक्षिणेकडच्या खिडकीत ऊन द्यायचे, रात्री खिडकी लावून डबा आतच ठेवायचा आणि माती कोरडी दिसली तरच पाणी शिंपडायचे, एवढीच आज्ञा. दहा दिवस काहीच घडले नाही. मुलांचे चेहरे उतरू लागले. बाराव्या दिवशी वाळलेल्या काड्यांमधून सुईच्या टोकाएवढे तीन हिरवे कोंब वर आले. मुलांनी तो डबा मिरवणुकीने अध्यक्षांच्या घरी नेला. अध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि फरश्यांचा विषय होळीनंतरच्या सभेपर्यंत पुढे ढकलला.

मग हरळी हिवाळ्यात करते तरी काय? पावसाळ्यात आणि शरद ऋतूत ती पानांनी अन्न तयार करते. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार होऊ लागल्या, की त्या अन्नाचा मोठा भाग पिष्टाच्या रूपाने जमिनीखालच्या खोडांत साठवते. मग पाने वाळली तरी तिचे फारसे बिघडत नाही. शहाणा कुणबी कोठारात दाणे भरून झोपडीचे दार लावून घेतो, तसेच हे. दार बंद दिसते म्हणून घर ओस पडले असे नव्हे.

गंमत अशी, की याच थंडीत दुसरे एक गवत आनंदाने डोलत असते. ते म्हणजे गहू! गहूही गवताच्याच कुळातला. ज्वारी, बाजरी आणि ऊसही त्याच कुळातले. पण गव्हाला थंडी मानवते. गारठा पडला की त्याला अधिक फुटवे येतात. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे आणि निफाडच्या तापमानाचे जे आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचतो ते बहुधा तेथलेच असतात. एकाच खोऱ्यात, एकाच पहाटे, एका गवताचा सुगीचा काळ चाललेला असतो आणि दुसऱ्याचा विश्रांतीचा. थंडी चांगली की वाईट, असे कोणी विचारले, तर आधी 'कोणाला?' असे विचारावे.

काकांची निगराणी हिवाळ्यात सुरू होत नसे; ती दसऱ्यालाच सुरू होई. पाऊस सरला की ते गवत कापायच्या यंत्राचे पाते थोडे वर चढवीत. एरवी इंचभर ठेवलेले गवत दीड-दोन इंच वाढू देत. जास्त पाने म्हणजे जास्त अन्न आणि वाढलेले गवत मातीला पांघरूणही घालते. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कधी कापायचे नाही, हा त्यांचा बाराही महिन्यांचा नियम होता.

खताचेही तसेच. नत्राने गवत भराभर वाढते, कोवळे लुसलुशीत होते. आणि कोवळ्या पानालाच थंडी आधी धरते. म्हणून युरियासारखे खत ते ऑक्टोबरच्या आरंभी शेवटचे देत. त्यानंतर थोडे पालाश. पालाशाने पेशी थंडीला तोंड द्यायला अधिक समर्थ होतात. डिसेंबरात पिवळे पडलेले गवत पाहून कोणी म्हणाले, "काका, खत कमी पडले वाटते," तर ते म्हणत, "झोपलेल्या माणसाच्या तोंडात घास घालू नये. ठसका लागतो."

पाण्याविषयी मात्र पुष्कळांचा गैरसमज असतो. निजलेल्या हरळीला पाणी नकोच, असे त्यांना वाटते. तिला थोडे लागते, पण लागते. शिवाय ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते. कोरडी, भुसभुशीत माती लवकर गार पडते. म्हणून थंडीची लाट येणार असे कळले की काका भर दुपारी पाणी देत, म्हणजे ते मुरायला आणि ऊन खायला वेळ मिळे. संध्याकाळी कधी देत नसत. रात्रभर पाने ओली राहिली तर बुरशी धरते. वाळलेला पालापाचोळा ते रोज झाडून काढीत. कारण हिवाळ्याचे ऊन आधीच थोडे, त्यात वाटेकरी नको.

हे सारे ज्ञान त्यांनी द्राक्षबागांतून आणले होते. पारा घसरला की द्राक्षाच्या मण्यांची वाढ थांबते आणि पुढे एकदम ऊन वाढले की मणी तडकतात. वर्षभराचे कष्ट आणि कर्ज त्या घडांना लटकलेले असते. म्हणून निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी ऐन थंडीत पहाटे उठून वेलींच्या ओळींमध्ये शेकोट्या पेटवतात. त्या उबेने हवा तापते, हलते आणि जमिनीलगत साचलेला गारठा मोडतो. ठिबकातून विहिरीचे पाणीही सोडतात. पहाटेच्या थंडीत विहिरीचे पाणी हाताला कोमट लागते, हे तुमच्यापैकी खेड्यातील मुलांना ठाऊक असेलच. मैदानासाठी कोणी शेकोट्या पेटवीत नाही. पण थंडी कोठून येते, कोठे साचते आणि कशाने हटते, याचे उत्तर वेलीला एक आणि गवताला एक असे नसते.

मुलांवर काकांनी एकच काम सोपवले होते आणि तेच सर्वांत कठीण होते. मैदानाभोवती सुतळी बांधायची, तिला रंगीत चिंध्या लावायच्या आणि सकाळी ऊन चढून पात्यांवरचे हिमकण विरघळेपर्यंत कोणाला आत पाऊल टाकू द्यायचे नाही. स्वतःही टाकायचे नाही! गोठलेले पाते काचेसारखे ठिसूळ झालेले असते. त्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात. ऊन पडल्यावर तेथे आधी काळपट आणि मग फिक्या रंगाचे पाऊल उमटते. एका पहाटे कोणीतरी दुचाकी मैदानावरून आडवी नेली. अंतर चार पावलांचे वाचले असेल. पण त्या चाकाची वाळकी रेघ मार्चपर्यंत मैदानावर दिसत होती. मुले ती रेघ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवीत. सुतळीपेक्षा त्या रेघेचाच पुढे अधिक धाक वाटू लागला.

जानेवारीच्या अखेरीस थंडी ओसरल्यासारखी झाली. दुपारी घाम येऊ लागला आणि मैदानावर येथे-तेथे हिरवे ठिपके दिसले. मुलांनी टाळ्या पिटल्या. आता खत द्या, गवत कापा, पाणी सोडा, असा सर्वांनी काकांच्या मागे लकडा लावला. काका हलले नाहीत. "रात्रीचा वारा अजून बोचतो आहे," एवढेच म्हणाले. शेजारच्या एका बागेत मात्र लोकांनी युरिया टाकला, वरचे वाळके गवत कापून काढले आणि आठवड्याभरात ती बाग आमच्या मैदानापेक्षा कितीतरी हिरवी दिसू लागली. आमच्या मुलांना ते पाहून वाईट वाटले.

आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर थंडी परतली! २०१९ च्या त्या लाटेने महाराष्ट्राला चकित केले. हिवाळा संपला असे समजून ज्यांनी घोंगड्या बांधून ठेवल्या होत्या त्यांनी त्या पुन्हा सोडल्या. शेजारच्या बागेतील कोवळे कोंब दोन रात्रींत काळे पडले. आमच्या मैदानावरचे थोडे कोंब गेले. पण वरच्या वाळक्या पानांच्या पांघरुणाखाली पुष्कळसे सुखरूप राहिले. जे वाळके गवत कुरूप म्हणून काढून टाकायला आम्ही उत्सुक होतो, तेच त्या रात्री उपयोगी पडले होते.

जगात इतरत्रही हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात हिवाळ्यात हरळी पिवळी पडली की तिच्यावर राय नावाच्या, थंडीत वाढणाऱ्या गवताचे बी पेरतात. मैदान बाराही महिने हिरवे दिसते. परंतु त्याची किंमत द्यावी लागते. पाणी जास्त लागते, कापणी चालूच ठेवावी लागते आणि वसंतात हरळी जागी होते तेव्हा हे पाहुणे गवत तिच्या वाटचे ऊन अन् पाणी खात बसलेले असते. नाशिकसारख्या ठिकाणी, जेथे थंडीचा मुक्काम थोडाच असतो, तेथे दोन महिने पिवळा रंग सोसणे हेच अधिक स्वस्त आणि शहाणपणाचे आहे.

मार्च लागला. रात्रीही उबदार वाटू लागल्या. मग काकांनी एके सकाळी यंत्राचे पाते खाली उतरवले आणि सारे वाळके गवत अगदी आखूड कापून काढले. दाताळ्याने ओढून पाचोळा गोळा केला. चाळलेले शेणखत बारीक थरात पसरले आणि भरपूर पाणी दिले. त्या दिवशी मैदान असे भकास दिसत होते, की फरश्यांच्या बाजूच्या लोकांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या.

होळीला मैदान पुरते हिरवे नव्हते, हे खरे सांगितले पाहिजे. पण चार दिशांनी हिरवे पट्टे एकमेकांकडे सरकत होते आणि गुढीपाडव्यापर्यंत ते मिळाले. फक्त इमारतीच्या उत्तरेकडची एक लांबट पट्टी तशीच राहिली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा त्या पट्टीवर दिवसभर इमारतीची सावली पडते. काकांनी तेथे खुरपे घातले. खोडे तपकिरी निघाली, पोकळ निघाली. दाबताच त्यांचा भुसा झाला. "ही मात्र गेली," ते शांतपणे म्हणाले. "थंडीने नाही, सावलीने. कोठारात दाणेच भरले नव्हते, तर निजून उठणार कशाच्या जोरावर?"

मला काकांचे मोठेपण त्या वाक्यात अधिक दिसले. आपली बाजू खरी ठरली म्हणून सगळेच जिवंत आहे, असे त्यांनी म्हटले नाही. निजलेले कोणते आणि मेलेले कोणते, हे दुरून, रंगावरून ठरत नाही; त्यासाठी खाली वाकावे लागते, माती उकरावी लागते आणि थोडे थांबावे लागते. पुष्कळदा आपण झाडांच्या बाबतीत घाई करतो. वर्गात मागे पडलेल्या मुलाच्या बाबतीतही करतो. वरची पाने पिवळी दिसली की फरश्यांचा हिशेब मांडू लागतो.

होळीनंतरच्या सभेत तडजोड झाली. सावलीच्या त्या पट्टीवर फरश्या घालून पायवाट केली, म्हणजे पहाटे कामावर जाणाऱ्यांना मैदान तुडवावे लागू नये. बाकीचे मैदान मुलांकडे राहिले. आणि सभेच्या वहीत एक ठराव लिहिला गेला. तो सर्वांनी हात वर करून संमत केला; दाराशी उभ्या असलेल्या मुलांनीही मत नसताना हात वर केले. ठराव असा होता: 'मैदानावरील गवताविषयी कोणताही निर्णय मार्गशीर्ष, पौष आणि माघ या महिन्यांत घेऊ नये. तो होळीनंतर घ्यावा.'